सोडियम सल्फेटची विद्राव्यता आधी वाढते, मग घटते. असं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तापमान आणि क्षारांची विद्राव्यता यावर प्रकल्प करतेय आणि एका जागी पार अडकलेय. पोटॅशियम नायट्रेट विरघळताना परीक्षानळी हाताला गार लागते, म्हणजे उष्णता शोषली जाते. ल शातेलिए तत्त्वानुसार (समतोलात बदल केला की तो त्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकतो) तापवल्यावर ते जास्त विरघळायला हवं, आणि विरघळतंही: १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना साधारण ३२ ग्रॅम, तर ६० अंशांना ११० च्या आसपास. मिठाची नळी जेमतेम गार होते, त्याची विद्राव्यता ० ते १०० अंशांत ३५.७ वरून ३९ पर्यंतच जाते. इथवर सगळं जुळलं.

मग निर्जल सोडियम सल्फेट घेतलं. २० अंशांच्या पाण्यात भुकटी टाकली तर नळी चक्क कोमट झाली! म्हणजे तापवल्यावर विद्राव्यता घटायला हवी ना? पण वरचं नितळ द्रावण आटवून वजन केलं तर २० अंशांना १९ ग्रॅम, ३० ला ४०, ४० ला ४८ आणि ६० ला मात्र ४५. दोनदा करून पाहिलं, तेच. शिवाय २० अंशांना तळाशी भुकटीचा असा घट्ट गोळा बसतो की काचकांडीनेही फुटत नाही. तत्त्व चुकतंय की माझं काही चुकतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

वाचनं उत्तम आहेत, ती बदलू नका. उत्तर त्या गोळ्यातच आहे. ३२.४ अंशांखाली द्रावणाशी समतोलात असतो तो निर्जल क्षार नव्हे, तर पाण्याचे १० रेणू धरून बसलेला स्फटिक, म्हणजे ग्लॉबरचा क्षार. भुकटीने पाणी धरून हा स्फटिक बनवला, त्याचीच ती ऊब. हा स्फटिक विरघळताना मात्र भरपूर उष्णता शोषतो, म्हणून विद्राव्यता झपाट्याने वाढते. ३२.४ च्या वर तो पाणी सोडतो, तळाशी निर्जल क्षार उरतो आणि तो विरघळताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. म्हणून पुढे उतार.

सोडियम हायड्रॉक्साइडनेही अनेक जण असेच फसतात. भरपूर पाण्यात ते केवढं तापतं, तरी विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते. बघायची ती जवळजवळ संपृक्त (म्हणजे आणखी क्षार विरघळणार नाही अशा) द्रावणात शेवटचा कण विरघळतानाची उष्णता, आणि तीही तळाशी जो घन असेल त्याचीच.

एक सूचना: ३० अंशांचं द्रावण काढताना पिपेट आधी कोमट करून घ्या, नाहीतर टोकातच स्फटिक धरतात आणि वाचन कमी येतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! लगेच ग्लॉबर क्षाराचे १० ग्रॅम स्फटिक ५० मिली पाण्यात ढवळले. तापमापी २४ वरून १६ वर उतरली, नळी बाहेरून दमट झाली. म्हणजे आलेखात एक सलग वक्र न काढता ३२.४ ला भेटणारे दोन वक्र काढू ना?

प्रतिसाद २

हो, दोनच काढा, कोपरा गोल करू नका. आणि ओले स्फटिक हळूहळू तापवत तापमापीवर नजर ठेवा: वितळत असताना पारा ३२.४ ला थांबतो. तो इतका नेमका थांबतो की तापमापी तपासायला हाच बिंदू वापरत आलेत.