मेंदूविज्ञान शिकून मॅनेजर सुधारतो का?

चाकणकर
चाकणच्या एका कारखान्यात नव्याने बढती मिळालेल्या मॅनेजरांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. कालपर्यंत ही मंडळी उत्तम इंजिनीअर असतात. आज हाताखाली वीसेक माणसं येतात आणि ती कशी सांभाळायची हे कुणीच शिकवलेलं नसतं. मेंदू कसा चालतो याची तोंडओळख त्यांना करून द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण ताण. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी वर्षानुवर्षं प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर, म्हणजे कपाळामागच्या भागावर काम केलंय. चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणं, तोंडावर आलेला शब्द आवरणं, ही या भागाची कामं. आपल्या हातात काहीच नाही असा ताण आला की नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं इतकी वाढतात की हा भाग मंदावतो आणि सवयीने चालणारे भाग ताबा घेतात. आता बघा, रिजेक्शन वाढलं म्हणून प्लांट हेड सकाळच्या मीटिंगला पोराला लाल बिनपाशी, म्हणजे नापास पार्ट टाकायच्या डब्यापाशी उभं करतो आणि सगळ्यांदेखत ओरडतो, ‘का झालं, सांग!’ ज्या डोक्याने कारण शोधायचं तेच त्याने बंद पाडलेलं असतं. पोरगा खाली बघून ‘सर, बघतो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पार्ट पुन्हा रिजेक्ट.

दुसरं कारण अनिश्चितता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा 2016 चा प्रयोग आहे. 45 जणांना संगणकावर दगड उलटायला लावले. खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका बसणारच हे पक्कं असताना ताण कमी होता, बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना सर्वांत जास्त. मग शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी दहाला केबिनमध्ये भेटा’ एवढाच मेसेज टाकणाऱ्या साहेबाने त्या माणसाचे दोन दिवस कसे जाळले ते कळतं. ‘पुढच्या महिन्याच्या शिफ्टबद्दल’ एवढं जोडायला काय लागतं?

मीमांसक
असहमत. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करू नये आणि कुणाला टांगणीवर ठेवू नये, हे सांगायला मेंदू कशाला हवा? आर्नस्टेन यांचं काम मोलाचं आहे, पण त्यातलं बरंचसं माकडं आणि उंदरांवरचं. तिथून लाल बिनपर्यंतची उडी तुमची आहे.

नेतृत्व-प्रशिक्षक डेव्हिड रॉक यांनी 2008 मध्ये ‘स्कार्फ’ नावाचं मॉडेल मांडलं. माणसाला इतरांत वावरताना धोका किंवा बरं वाटतं ते पाच गोष्टींवरून, आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं हे नाव: दर्जा, निश्चितता, स्वायत्तता, आपलेपणा, न्याय. कॉर्पोरेट प्रशिक्षणात ते फार चालतं. त्याच्या मुळाशी असलेला एक गाजलेला पुरावा म्हणजे 2003 चा चेंडूफेकीच्या खेळाचा प्रयोग. मेंदूच्या स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाला चेंडू देणं बंद केलं, तेव्हा शारीरिक वेदनेत जागा होणारा भाग त्याच्याही मेंदूत जागा झाला. माणसं होती 13. त्यावरून ‘वाळीत टाकणं म्हणजे मारणंच’ असं वर्गावर्गात शिकवलं गेलं. पुढे 2014 मध्ये मेंदूसंशोधक टॉर वेगर यांच्या चमूने दाखवलं की भाग तोच असला तरी वेदना आणि नाकारलं जाणं यांत त्याच्या आतल्या हालचालीचा नमुना वेगळा असतो. एखादा भाग उजळला म्हणून माणसाला अमुकच वाटतंय असं उलट अनुमान काढता येत नाही, कारण एकच भाग अनेक कामं करतो.

आणि 2008 चाच दुसरा अभ्यास, डीना वाइसबर्ग यांचा. तकलादू स्पष्टीकरणात मेंदूचं एक असंबद्ध वाक्य घुसडलं की सामान्य वाचकांना ते जास्त पटतं. तुमच्या वर्गात हेच होत नाही कशावरून?

चाकणकर
मीमांसक, स्कार्फ मी शिकवत नाही. पण ‘हे सगळ्यांना माहीतच आहे’ हे मला मुळीच मान्य नाही. माहीत असतं तर तो बिनपाशीचा तमाशा रोज झाला नसता. ‘माणसांशी नीट वागा’ म्हटलं की इंजिनीअर मान डोलावून सोडून देतो. ‘का’ सांगितलं की ऐकतो, कारण यंत्राच्या बाबतीत त्याला तशीच सवय असते.

वॉर्डइन्चार्ज
मी सरकारी रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदवलेल्या चुका जास्तच निघाल्या. कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. हे कळलं ते वॉर्डात राहून, विचारपूस करून. स्कॅनर लागला नाही.

मी एवढंच पाहते की नवीन मुलीने ‘सिस्टर, डोस जास्त गेला बहुतेक’ असं स्वतःहून सांगितलं, तर त्या क्षणी माझा चेहरा कसा होतो यावर पेशंटचं भवितव्य ठरतं. आधी पेशंटकडे पळायचं, बोलायचं ते नंतर, आणि तेही एकटीला बाजूला घेऊन.

कामगारपुत्र
तुमच्या चर्चेत कंत्राटी माणूस कुठेच नाही. ब्रिटिश सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास बघा. मायकेल मार्मट यांनी 1985 पासून दहा हजारांवर लोकांचा मागोवा घेतला. ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त निघाला. ताबा ही रचनेची गोष्ट आहे, साहेबाच्या स्वभावाची नव्हे. सात महिन्यांनी ब्रेक मिळणार, म्हणजे कामावरून कमी करणार, की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याला साहेब कितीही गोड बोलला तरी चाकणकरांचा तो अर्धाअर्धा साप दगडाखाली आहेच.

चाकणकर
हे खरं आहे, आणि ते मॅनेजरच्या हातात नाही हेही खरं. पण ब्रेकची तारीख एचआरकडून विचारून महिनाभर आधी सांगणं त्याच्या हातात आहे. अनेकजण तेवढंही करत नाहीत.

मीमांसक
मग तपासून बघा. पुढच्या तुकडीतल्या निम्म्या मॅनेजरांना मेंदूसकट शिकवा, निम्म्यांना हीच वागणूक मेंदूचं नाव न घेता. सहा महिन्यांनी त्यांच्या हाताखालच्यांना विचारा. फरक निघाला तर मी इथेच येऊन मान्य करीन.

चाकणकर
मंजूर. प्रश्न मी काढतो, मसुदा याच धाग्यावर टाकतो.

कामगारपुत्र
विचाराल तेव्हा कंत्राटी मुलांनाही विचारा. आणि कागदावर नाव लिहायला लावू नका.