मदत हवी आहे : वीज कामगारांच्या संपाची जुनी पत्रकं, नोटिसा आहेत का कोणाकडे?

राजेहो, मी निवृत्त लाइनमन, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं, निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं झालं, तेव्हा मी नोकरीतच होतो. आता गावातले पोट्टे ठेकेदाराकडं लागलेत. खांबावर तेच चढतात, पगाराची चिठ्ठी मात्र वेगळी. परवा पारावर एकानं विचारलं, "काका, कायम कामगार संपावर गेले तर आम्ही काय करायचं?" मला धड सांगता आलं नाही, खोटं कशाला बोलू.

जानेवारी २०२३ चा संप त्यांना समजावून सांगायचाय. अदानीनं महावितरणच्याच भागात वीज वितरणासाठी मागितलेल्या समांतर परवान्याविरोधात तीसच्या वर संघटना एकत्र आल्या, ७२ तासांची हाक होती अन् उपमुख्यमंत्र्यांसोबत बैठक होऊन पहिल्याच दिवशी मिटला. त्या वेळची पत्रकं, संपाची नोटीस कोणाकडे असेल तर फोटो टाका.

दुसरं, मेस्मा (अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा) लागला तर कंत्राटी पोरांनाही लागतो का? अन् नव्या कामगार संहितेत ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकाची जबाबदारी कोणत्या कलमात आहे? ऐकीव नको, कलम नंबर सांगा. रविवारी संध्याकाळी बसणार आहोत, त्याआधी मिळालं तर बरं. कापूस वेचणी सुरू आहे, मग पोट्टे हाती लागत नाहीत.