कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्यावर उपचार झाले की अंदाजपंचे कारभार?

गोदाकाठी: रोखठोक लिहितो. २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशकात लोक रेमडेसिविरसाठी मेडिकलसमोर तासन्‌तास रांगा लावून उभे होते. त्याच्या सहा महिने आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीने सांगितलं होतं की या इंजेक्शनने मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या द्रवाचं, तर त्याहून वाईट. आयसीएमआरनेच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच) देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. फायदा नाही हे २०२० मध्येच कळलं, पण मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये! तोवर प्रत्येक ग्रुपवर ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट’ फिरतच होतं. संशोधन झालं होतं, वाचायला कोणी तयार नव्हतं.

सिडकोवाली: आज बोलायला काय जातं? सासऱ्यांचा ऑक्सिजन ८२ वर आला होता. डॉक्टर म्हणाले, रेमडेसिविरच्या सहा व्हायल (बाटल्या) आणा. तेव्हा मी त्यांच्याशी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालावरून हुज्जत घालायची होती का? आणि २१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून माणसं गेली, ती कुठल्या चाचणीचा निकाल न वाचल्यामुळे नाही गेली.

सातपूरचा मेडिकलवाला: काउंटरच्या आतून सांगतो. रेमडेसिविरचा गाजावाजा झाला, पण खरा घोळ स्टेरॉइडचा. ताप येऊन दोन दिवस, ऑक्सिजन ९७, तरी चिठ्ठीवर स्टेरॉइड. का, तर ‘एचआरसीटी स्कोअर (छातीच्या स्कॅनचा) २५ पैकी ८ आला’. काही जण तर शेजाऱ्याच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन यायचे. नाही म्हटलं की शिव्या, आणि पुढच्या दुकानात मिळायचंच.

गोदाकाठी: हेच तर म्हणतोय! ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जून २०२० चा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट तोट्याची शंका. औषध तेच, पण कोणाला द्यायचं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.

माजी रेसिडेंट, आडगाव: गोदाकाठी, ‘वाचायला कोणी तयार नव्हतं’ हे साफ चूक. आम्ही वाचत होतो. पण वॉर्डात एका वेळी इतके पेशंट, की ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपायच्या. स्टेरॉइडने साखर ४०० च्या वर गेलेली कळायची दुसऱ्या दिवशी. मग मे महिन्यात म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आला. पेशंट म्हणायचा दात हलतोय, गाल बधिर झालाय. तोंड उघडून बघावं तर टाळूवर काळा डाग. त्यावरचं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन मिळेना, काहींचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा. तरी सांगते, त्यातल्या बऱ्याच जणांना स्टेरॉइडची खरंच गरज होती.

आणि रेमडेसिविर अगदीच कुचकामी नाही. सॉलिडॅरिटीच्याच २०२२ च्या अंतिम निकालात ऑक्सिजनवर असलेल्या, पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांत मृत्यू १६.३ ऐवजी १४.६ टक्के. जोखमीच्या रुग्णांना पहिल्या सात दिवसांत सुरू केलं तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ बरीच टळते, हेही नंतर दिसलं. आपल्याकडे ते बहुतेकांना मिळालं उशिरा.

माझी तक्रार वेगळी आहे. रिकव्हरी चाचणी ब्रिटनच्या साध्यासुध्या सरकारी रुग्णालयांत, ऐन गर्दीत झाली. छोटा संमतीपत्राचा फॉर्म, संगणकावर नाव टाकायचं, कोणाला औषध ते संगणक ठरवणार. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असताना दुसऱ्या लाटेत जिल्ह्यातल्या दवाखान्यांनी मिळून असं काही का उभं केलं नाही?

सिडकोवाली: म्हणजे चिठ्ठ्या टाकून औषध? घरचं माणूस धापा टाकत असताना?

माजी रेसिडेंट, आडगाव: ताई, नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळतात. आणि चिठ्ठ्या तर तेव्हाही पडतच होत्या. ज्याची ओळख त्याला व्हायल. फक्त त्यातून कोणाला काही शिकता आलं नाही.

गोदाकाठी: वाचण्याबद्दलचं मागे घेतो, बाकीचं नाही. गर्दी एप्रिलमध्ये झाली. प्लाझ्माचा निकाल हाती आल्यावर मधले सात-आठ महिने होते, तेव्हा सूचना बदलायला कोणी अडवलं होतं?

सिडकोवाली: फॉर्मवर सही केली असती की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पण आम्हाला कोणी काही विचारलंच नाही. सहा व्हायल आणा, एवढंच.