प्रतिसाद: क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे औषध अस्सलच असं नाही

'औषधाच्या वेष्टनावरचा क्यूआर कोड स्कॅन झाला की औषध अस्सल' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. १ ऑगस्ट २०२३ पासून हा कोड सक्तीचा आहे तो फक्त ३०० ठरावीक ब्रँडना, सगळ्या औषधांना नाही. शिवाय छापलेला कोड जसाच्या तसा उतरवता येतो. म्हणून स्कॅन केल्यावर दिसणारा बॅच नंबर, उत्पादनाची नि मुदतीची तारीख गोळ्यांच्या पट्टीवरच्या छपाईशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. बॅच जुळली नाही तर गोळी घेऊ नका.

पट्टी कापून घेताना बॅच नि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागाच. 'बिलाशिवाय दहा टक्के सूट' तिथेच नाकारावी. बिल नसेल तर माल कुठून आला हे शोधायला धागाच उरत नाही.

इन्सुलिनचं वेगळं: माल अस्सल असूनही गोठला की निकामी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रीजरपासून लांब ठेवा.

संशय आल्यास उरलेली पट्टी फेकू नका. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कुणीही ग्राहक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो.