कुत्र्या-मांजरांचा विमा आणि दवाखान्याची बिलं: तुमचे अनुभव लिहा

गंगापूररोडवाली: मंडळी, आमचा लॅब्रेडोर सहा वर्षांचा झालाय आणि त्याचा विमा काढायचा की नाही यावरून घरात रोज खडाजंगी. नवरा म्हणतो पैसे पाण्यात, मी म्हणते एखादं ऑपरेशन निघालं तर? एजंटने पाठवलेली पीडीएफ वाचली. वेटिंग पिरियड आहे (म्हणजे सुरुवातीचे काही दिवस क्लेम नाही), आधीचे आजार नाहीत, पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांचं लसीकरण पूर्ण असेल तरच, दातांचं काही नाही. प्रीमियम वर्षाला ५ हजारांच्या आसपास, कव्हर ५० हजार. ज्यांनी विमा काढलाय किंवा बिनविम्याचं दणदणीत बिल भरलंय त्यांनी प्लीज आकड्यांसकट लिहा. 'तो आपलं बाळच असतो' वगैरे नको, ते माहितीये.

सिडकोकर: आमच्याकडे पावसाळा आला की गोचीड ताप ठरलेला. मागच्या वेळी प्लेटलेट्स एवढ्या खाली गेल्या की नाकातून रक्त यायला लागलं, मग रक्ततपासण्या, रोज सलाईनला ने-आण, चार आठवडे डॉक्सीच्या (अँटिबायोटिक) गोळ्या, सगळे मिळून ११ हजार. विमा होता. कंपनी म्हणाली पेशंट ॲडमिट नव्हता, ही ओपीडी झाली, ते कव्हर तुम्ही वेगळं घेतलेलं नाही. झालं! आता तोच प्रीमियम गोचिडाच्या चघळायच्या गोळीवर घालतो.

पिंपळगावची लेक: माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितेच. माहेरी पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग, हार्वेस्टिंग चालू होतं, शेडमध्ये क्रेटखाली पडलेले मणी आमच्या बीगलने मिटक्या मारत खाल्ले. काका म्हणाले खाऊ दे गं, बागेतली कुत्री खातातच की. पण द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याला थोडक्यात भोवतं, आधी सांगता येत नाही. त्यातलं टार्टारिक ॲसिड कारण असावं असं आता मानतात. गाडी काढली ती थेट नाशिक. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, काळ्याशार सालींचा ढीग पडला टेबलावर, मग ॲडमिट करून ड्रिप आणि रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. वाचला. बिल साधारण १४ हजार, कंपनीने ११ दिले. मात्र कॅशलेस विसरा, आधी खिशातून भरायचे आणि मग प्रिस्क्रिप्शन, पक्की बिलं, डिस्चार्जचा कागद, मायक्रोचिपचा नंबर, लसीकरणाचं कार्ड असं सगळं पाठवायचं.

निफाडकर: आम्ही गाईंचा विमा काढतो, त्यात कानात बिल्ला मारतात. बिल्ला नाही तर क्लेम नाही, सरळ हिशोब. पण तो गाय मेली तर मिळतो, दवाखान्याचा खर्च आपलाच. तुमच्या शहरातल्या कुत्र्याचं बरंय, जिवंत असताना पैसे मिळतात 😄

मांजरवाली, नाशिकरोड: मी ज्या कंपनीत विचारलं तिच्याकडे तेव्हा फक्त कुत्र्यांचीच पॉलिसी होती, मांजर म्हटल्यावर समोरचा हसला. आमच्या बोक्याची लघवी अडकली होती, सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि थेंब येईना, आम्हाला वाटलं बद्धकोष्ठता. बोक्यांचं हे अतिशय अर्जंट असतं हो, दीड-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. रात्री उघडं कोण आहे इथपासून शोधाशोध. कॅथेटर, ॲडमिट, नंतर कायमचं महागडं खाणं. त्यानंतर बोक्याच्या नावाने आरडी सुरू केली, महिना ५००. ती कुठलाच आजार नाकारत नाही.

इंदिरानगर, दोन कुत्री: साध्या गोष्टींसाठी अशोक स्तंभाजवळचा सरकारी पशुदवाखाना आहे की, केसपेपरला किरकोळ पैसे लागतात. खरा खड्डा पडतो तो मोठ्या सर्जरीत. आमच्या जर्मन शेफर्डचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, त्यासाठी मुंबई गाठावी लागली, मागच्या सीटवर तो आडवा आणि कसारा घाटात प्रत्येक वळणाला कण्हतोय. प्लेट टाकायचं ऑपरेशन, एक्सरे, जाणंयेणं धरून लाखाच्या घरात गेलं. पॉलिसीची मर्यादा ४० हजार, ते पूर्ण मिळाले, तक्रार नाही. पण विमा घ्यायचाच तर सम इन्शुअर्ड, म्हणजे जास्तीत जास्त किती मिळणार ते बघून घ्या, २०-२५ हजारवाला घेऊन उपयोग शून्य. आणि मादी असेल तर नसबंदी आधी करा, गर्भाशयात पू झाला की रातोरात ऑपरेशन करावं लागतं आणि ते नसबंदीच्या कितीतरी पट महाग पडतं.

पंचवटीतले आजोबा: थोडं कटू लिहितो. आमची कुत्री १३ वर्षांची, किडन्या गेलेल्या. एका ठिकाणी सांगितलं रोज सलाईन करू, महिन्याला २० हजार धरा. पैसे होते. पण सुई बघितली की ती पलंगाखाली शिरायची, ओढून काढावं लागायचं. सौ. म्हणाली, हे कोणासाठी चाललंय? घरीच इंजेक्शन देऊन कायमची झोपवली. मुलगी अजून नीट बोलत नाही माझ्याशी. विमा असता तर कदाचित चार महिने ओढलं असतं, आणि ते चांगलं झालं असतं असं मला वाटत नाही.

पाथर्डी फाटा: एक मुद्दा कोणीच लिहिला नाही, थर्ड पार्टी लायबिलिटी, म्हणजे आपल्या कुत्र्याने दुसऱ्याला इजा केली तर त्याची भरपाई. आमच्या लॅबने लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंच्या पोटरीला दात लावले. रेबीजची लस सिव्हिलमध्ये फुकट मिळते, पण काकू प्रायव्हेटमध्ये गेल्या, टाके पडले, वर नोटिशीची धमकी. ते सगळं पॉलिसीतून निभावलं. सोसायटीत राहत असाल तर एजंटला ओपीडीच्या आधी हे विचारा, काही पॉलिस्यांत ते ॲड-ऑन असतं, आपोआप मिळत नाही.