घंटी घेताना हँडलची जाडी बघा

सायकलला कुठली घंटी घ्यावी, या प्रश्नावर एकाने पितळीच घ्या असं सुचवलंय. आवाजाबाबत सहमत, नाद छान रेंगाळतो. पण आधी हँडल मोजा. माझ्या गिअरवाल्या सायकलचं हँडल मुठीजवळ २२.२ मिमी आणि मधोमध ३१.८. साताऱ्यात पोवई नाक्यावरून आणलेली घंटी मधे बसेचना. मुठीजवळ लावली तर ब्रेकची केबल घंटीच्या वाटीला टेकायची, मग ट्रिंगऐवजी नुसतं ठक! (शेजारणीला वाटलं, कुणी दार वाजवतंय.) शेवटी वाटी केबलपासून बोटभर लांब फिरवली.

यवतेश्वरचा घाट उतरताना दोन्ही हात ब्रेकवर असतात, त्यामुळे मूठ न सोडता अंगठा पोचेल अशीच जागा हवी. दातेरी चाकांची जुनी ट्रिंगट्रिंग पावसाळ्यात अडकते खरी; शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की परत चालू.