मदत हवी आहे : अरेंजर आणि सिंथचा सिक्वेन्सर एका लयीत चालत नाहीत

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमची तालीम चालते, नवरात्रीचा कार्यक्रम तोंडावर आलाय. अरेंजर (ताल आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड) मास्टर ठेवलाय, म्हणजे लय तो ठरवतो; त्याच्या मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत) आउटमधून पाच पिनांची केबल सिंथच्या मिडी इनला. सिंथवर क्लॉक एक्स्टर्नल केलंय, म्हणजे त्याचा सिक्वेन्सर (पॅटर्न आपोआप वाजवणारा भाग) लयीचे टिक बाहेरून घेतो. टेम्पो 112 ला दोन्ही एकाच वेगाने चालतात.

आधी अरेंजरची बास आणि कॉर्ड्स सिंथवरही वाजायची. अरेंजरमधून नोट्स पाठवणं बंद केलं, फक्त क्लॉक आणि स्टार्ट-स्टॉप ठेवलं, तो प्रश्न सुटला. दादऱ्याला सिंथचा पॅटर्न दर आवर्तनाला सरकायचा. क्लॉक फक्त चतुर्थांश नोटला 24 टिक देतो, ताल कोणता ते सांगत नाही! दादऱ्याच्या (6/8) एका आवर्तनाला 72 टिक, 16 स्टेपच्या पॅटर्नला 96. पॅटर्न 12 स्टेपचा केला, जमलं.

अडलंय ते सिंक्रो स्टार्टला (कॉर्ड धरताच ताल आपोआप सुरू होतो ती सोय). डाव्या हाताने कॉर्ड धरली की ढोलकी लगेच पडते, सिंथची पहिली नोट मात्र किंचित मागून येते, आणि शेवटपर्यंत तेवढीच मागे राहते. गायिकेला ते लगेच खटकतं, आणि तिचं बरोबर आहे.

लॅपटॉपची यूएसबी काढूनही पाहिलं, म्हणजे दोन क्लॉक येत नाहीयेत. सिंथला मास्टर करून अरेंजर मागे चालवावा का? पण मग अरेंजरचा टॅप टेम्पो (बटणावर ठेका देऊन लय बदलायची सोय) जाईल, आणि गरब्यात लय चढवताना तोच लागतो. कुणी स्टेजवर असं जोडून वाजवलंय का? कृपया सांगा, शनिवारी तालीम आहे.